खेळांचं कपाट: साताऱ्यातल्या वाचनालयाच्या बालविभागातल्या प्रकल्प नोंदी

15 मार्च 2025, शनिवार

कार्यकारिणीचा होकार आला. बालविभागातलं जुन्या दिवाळी अंकांचं कपाट रिकामं करायचं आणि त्यात पत्त्यांचे आणि पटावरचे खेळ ठेवायचे. पुस्तकासारखेच घरी न्यायचे, आठवड्याने परत आणायचे. एका देणगीतून दहा हजार रुपये मिळालेत. मे महिन्याची सुट्टी लागायच्या आत कपाट उघडायचं आहे.

आमच्या बहुतेक सभासद कुटुंबांचा साचा ठरलेला आहे. चारेक वर्षांचं शेंडेफळ, सात-आठ वर्षांचं थोरलं, आईबाबा, आणि सुट्टीत मुक्कामाला आलेले आजी-आजोबा. ही सगळी एकाच सतरंजीवर बसली तर काय खेळतील, एवढाच या कामाचा विषय. एकट्याने खेळायची कोडी किंवा 'बुद्धी वाढवणारे' संच यात घ्यायचे नाहीत.

निवड कशावर करायची यावर मॅडमशी (ग्रंथपाल) बराच वेळ बोलणं झालं. त्या म्हणाल्या, खोक्यावर वय लिहिलेलं असतंच की. माझं म्हणणं वेगळं होतं. लपाछपीत, डबा ऐसपैसमध्ये धाकट्याला आपण कच्चा लिंबू करतो. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, म्हणजे तो खेळात नसल्यातच जमा. मोठ्यांना वाटतं त्याला कळत नाही. त्याला चांगलं कळतं. घरातल्या खेळांत हेच जरा सभ्यपणे चालतं: आई मुद्दाम हरते, बाबा हातातलं चांगलं पान दाबून ठेवतात. तेव्हा कपाटात येणाऱ्या प्रत्येक खेळाला एकच प्रश्न विचारायचा, यात कच्चा लिंबू कोण? आणि कोणी असलाच, तर नियमात थोडा फेरफार करून त्याला पक्का भिडू करता येतो का?

मॅडम म्हणाल्या, "बघा, पण खोक्यावरचं वयही बघा." तेही बरोबरच आहे.

23 मार्च, रविवार

सुरुवात पत्त्यांपासून. कॅट स्वस्त आणि प्रत्येक घराला ओळखीचा. सतरंजी टाकून तीन घरच्या मंडळींना बसवलं आणि आपल्या घरगुती डावांची उजळणी केली.

भिकार-सावकार लहानांना लगेच जमतो. पत्ते निम्मे निम्मे वाटायचे, पालथे ठेवायचे, एकेक पान उलटायचं, आधीच्या पानाशी जुळलं की सगळा ढीग आपला. यात ठरवायचं काहीच नसतं, त्यामुळे चार वर्षांचा मुलगा आणि त्याचे आजोबा अगदी बरोबरीला. अडचण अशी की डाव संपता संपत नाही. अर्ध्या कॅटने खेळायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटांनी ज्याचा ढीग मोठा तो सावकार. एवढा बदल पुरला.

गुलामचोर त्याहून रंगतो, कारण शेजाऱ्याच्या हातातलं पान ओढताना तोंडावर काय दिसू द्यायचं आणि काय नाही, हे पोरांना फार आवडतं. नको असलेलं पान जरासं वर काढून ठेवायची युक्ती एका पाच वर्षांच्या मुलीने आपणहून शोधली आणि तिच्या काकांनी ते पान ओढलंही. पण शेवटी गुलाम हातात उरला की सगळे "चोर, चोर" करतात, आणि लहानाचा चेहरा पडतो. एका आजींनी तोडगा सुचवला: गुलाम ज्याच्याकडे उरला त्याने पुढच्या डावाचे पत्ते पिसायचे आणि वाटायचे. वाटप हा मानाचा भाग असल्यामुळे पुढच्या डावात धाकटा गुलाम मुद्दाम जपून ठेवू लागला. आजींचा नियम चिठ्ठीवर लिहून घेतला आहे.

झब्बू मात्र आठ वर्षांखालच्यांसाठी नाही. झब्बू देताना सगळ्यांच्या नजरा आपोआप सगळ्यात लहान हाताकडे वळतात. मोठ्या भावंडांसाठी ठेवू, वेगळ्या कप्प्यात.

बदाम सात हा या वयासाठी पत्त्यांतला सगळ्यात चांगला खेळ आहे असं माझं मत बनत चाललंय. सत्तीपासून वर आणि खाली क्रमाने पानं लावायची, म्हणजे आकडे मागे-पुढे मोजणं आपसूक होतं. शिवाय अठ्ठी हातात असून दाबून ठेवायची की टाकायची, हा खरा विचार करायचा प्रश्न आहे. त्यात आजोबांनाही डोकं लावावं लागतं. अडतं ते दोन ठिकाणी. पाच वर्षांच्या मुलाला गुलाम, राणी, राजा यांचा क्रम पटकन लागत नाही, आणि तेरा पानं त्या मुठीत मावत नाहीत. पहिल्यावर उपाय सोपा: चित्रांची पानं काढून टाकायची. एक्क्यापासून दश्शीपर्यंत चाळीस पानं, चार भिडूंना दहा दहा. दुसऱ्यासाठी सुतारकाकांकडे जायचं ठरवलं.

29 मार्च, शनिवार

उद्या पाडवा. सुतारकाकांनी पाडव्याआधी पट्ट्या दिल्या, म्हणजे नवलच. हातभर लांबीची लाकडी पट्टी, तिच्यात लांबीला एक तिरकी खाच. पत्ते खाचेत उभे राहतात आणि मुलाचे दोन्ही हात मोकळे. खाच जरा मागे झुकलेली हवी, नाहीतर समोरच्याला पानं दिसतात. पट्ट्यांना पॉलिश पेपर मारून घेतला.

आल्या दिवशीच याचा उपयोग कळला. एका आजोबांच्या हाताला कंप आहे. ते मुलाशेजारी बसले आणि म्हणाले, "मलाही एक द्या हो." आता दोन पट्ट्या त्यांच्यासारख्यांसाठी जास्तीच्या करून घ्यायच्या आहेत.

5 एप्रिल, शनिवार

पुण्यात खरेदी. आधी तुळशीबाग, मग बोहरी आळी. सोबत मॅडम होत्या, त्यामुळे भाव करायचं काम माझ्याकडे आलं नाही.

दुकानात पहिली गोष्ट बघितली ती आयएसआय खूण. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्र सरकारचा आदेश 2020 मध्ये निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ही खूण सक्तीची झाली. तरी काही स्वस्त संचांवर ती नव्हती. ते बाजूला ठेवले.

खोक्यावरच्या वयाबद्दल दुकानदाराशी चर्चा झाली. '3+' लिहिलेलं असलं की पालक समजतात तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईल. बहुतेकदा त्याचा अर्थ इतकाच असतो की यात गिळता येतील असे बारीक तुकडे आहेत, तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ ठेवू नका. खेळ समजेल की नाही हा निराळा मुद्दा. सुरक्षेच्या चाचणीत साधारण 32 मिलिमीटर तोंडाची एक नळी वापरतात. तिच्यात जे पूर्ण मावतं ते लहान बाळासाठी धोक्याचं. नेमकी नळी आमच्याकडे नाही, म्हणून टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी घेतली. ती थोडी जास्त रुंद आहे, म्हणजे आमची चाचणी जरा कडकच.

घेतलं ते असं: प्लॅस्टिकचे पत्त्यांचे कॅट, एक सापशिडी, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, उनो, जोड्या लावायच्या चित्रांची पानं, आणि आठ चित्रांच्या गोल पानांचा तो डॉबल. लुडो घेतलाच नाही, चार सभासदांनी घरचे पडून असलेले द्यायचं कबूल केलंय. नवा व्यापार हवाच असा दोन बाबांचा आग्रह होता. त्यांना स्वतःला खेळायचाय हे उघड दिसत होतं. तो दोन-दोन तास चालतो, मध्येच एखाद्याचं दिवाळं निघतं आणि तो उरलेला वेळ दुसऱ्यांचं भाडं मोजताना बघत बसतो. लहान मुलांच्या कपाटात याहून वाईट काय असणार! नाही घेतला.

12 एप्रिल, शनिवार

हा दिवस आंब्यांचा.

जर्मनीतल्या हाबा कंपनीचा 'ओब्स्टगार्टन' म्हणजे फळबाग हा खेळ 1986 पासून चालू आहे. सगळे भिडू एका बाजूला, एक डोमकावळा दुसऱ्या बाजूला. फासा टाकायचा; रंग आला तर त्या रंगाचं फळ झाडावरून काढून टोपलीत, कावळ्याची बाजू आली तर कावळ्याच्या चित्राचा एक तुकडा पटावर. ते चित्र पूर्ण व्हायच्या आत सगळी फळं उतरवली तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले. याची अगदी लहानांसाठीची सोपी आवृत्तीही आहे, तिच्यात कावळा पायरी-पायरीने बागेकडे येतो. आपल्याकडे बाहेरून मागवलेले असे खोके दोन-तीन हजारांच्या घरात जातात, आमच्या पिशवीला ते झेपणारं नाही. पण खेळाची कल्पना एवढी साधी की वाचनालयापुरता आपला संच बनवता येतो.

मॅडमची बहीण सावंतवाडीला असते. तिने चितार आळीतून लाकडी फळं पाठवली. ती फळं इतकी हुबेहूब असतात की पहिल्याच दिवशी एकाने केळं सोलायचा प्रयत्न केला. आम्ही चार झाडं ठरवली: आंबा, काजू, चिकू, पेरू, प्रत्येकी चार फळं. एकही फळ पुठ्ठ्याच्या नळीतून जाईना, म्हणजे आकार ठीक. फाशाच्या चार बाजूंना चार रंग, पाचवीला टोपली (कुठलंही एक फळ आपल्या पसंतीने काढा), सहावीला वानर. कोकणातल्या बागवाल्याला डोमकावळ्यापेक्षा वानराची धास्ती जास्त, म्हणून आमच्याकडे वानर उड्या मारत येतं.

वानराची वाट किती पायऱ्यांची ठेवायची, यावर सगळा खेळ तोलला आहे. पायऱ्या कमी ठेवल्या तर पोरं एकामागून एक हरतात आणि चिडतात. खूप ठेवल्या तर वानराची भीतीच जाते, मग फळं उतरवणं म्हणजे नुसतं काम. पाच आणि सहा, दोन्ही करून बघितल्या. चार वर्षांच्यांसाठी सहा, थोरलं बरोबर असेल तर पाच. पायरीचा एक पुठ्ठा सुटाच ठेवला आहे, घरी ज्याला हवा त्याने लावावा.

टोपलीची बाजू आली की मजा येते. बहुतेक लहानांना आवडतं फळ काढायचं असतं. पण ज्या झाडावर जास्त फळं उरलीत तिथलं काढणं शहाणपणाचं, कारण एखादं झाड रिकामं झालं की तो रंग पडणं वाया जातं. हे मोठ्यांना लगेच दिसतं आणि ते लगेच सांगतात: "अरे, पेरू घे, पेरू!" मग धाकटा फक्त हात पुढे करणारा मजूर होतो. सहकारी खेळांतला कच्चा लिंबू हा असा, न दिसणारा. आम्ही झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं: टोपली ज्याच्या वाट्याला आली त्याने ठरवायचं, बाकीच्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आई-बाबांना हा नियम पाळणं मुलांपेक्षा जड जातं.

त्याच पार्सलमधून बहिणीने गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाची दोन गोल पानंही पाठवली, नुसती बघायला. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण 120. सावंतवाडीच्या गंजिफाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लहान मुलांना हा खेळ झेपणार नाही, पण गोल पत्ता हातात धरून "याचा वरचा भाग कुठला?" असं एकाने विचारलं ते मला फार आवडलं. ही दोन पानं काचेच्या कपाटात ठेवली आहेत.

20 एप्रिल, रविवार

सापशिडी आणि लुडो.

सापशिडीत सगळं फाशावर. कुणाचं काही चालत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलालाही पूर्ण हक्काने जिंकता येतं. अमेरिकेतला 'कँडी लँड' अशाच जातीचा. सॅन डिएगोतल्या पोलिओच्या वॉर्डात असलेल्या एलिनॉर ॲबट या शिक्षिकेने तिथल्या मुलांसाठी तो रचला आणि 1949 मध्ये तो बाजारात आला. वाचता न येणाऱ्या, अंथरुणावरच्या मुलाला कुणाच्याही मदतीशिवाय खेळता यावं म्हणून त्यात फक्त रंगांची पानं. असे खेळ एका वयाला हवेतच. पण कपाटात एकच पुरे, कारण मोठ्यांचं लक्ष तिसऱ्या सापानंतर मोबाईलकडे जातं.

शंभर घरांच्या पटावर एक अडचण दर वेळी दिसते. दहाव्या घरानंतर ओळ उलटी फिरते, आणि लहान मूल सोंगटी पुन्हा डावीकडूनच न्यायला लागतं. म्हणून अगदी छोट्यांसाठी वेगळी पट्टी केली: एका सरळ ओळीत एक ते दहा घरं, आणि फाशाऐवजी एक किंवा दोन दाखवणारी फिरकी. ही कल्पना माझी नाही. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर अशी पट्टी वापरून पाहिली. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, आणि मुलांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली. ज्यांना आकड्यांऐवजी रंगांची पट्टी दिली होती त्यांच्यात तसा फरक पडला नाही.

यात एक बारकावा आहे. सोंगटी पाचावर असताना दोन आले, तर "एक, दोन" असं नाही मोजायचं; "सहा, सात" असं घराचा आकडा वाचत जायचं. आमच्या पट्टीमागे हे लिहून चिकटवलं. शेजारच्या अंगणवाडीतल्या ताईंनी पट्टीचा फोटो काढून नेला आणि चार दिवसांत त्यांच्याकडे जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर तशाच पट्ट्या तयार झाल्या.

लुडो लांबतो आणि सहा पडेपर्यंत पोरं ताटकळतात. घरगुती नियम: दोनच सोंगट्या, आणि एक किंवा सहा पडला तरी सोंगटी बाहेर. सोंगटी मारण्याचं काय? यावर सतरंजीवर दोन तट पडले. एका आईचं म्हणणं, मारणं काढून टाका. आजोबा म्हणाले, "मग उरलं काय?" मी आजोबांच्या बाजूची. मारलेली सोंगटी थेट घरी न पाठवता मागच्या सुरक्षित घरापर्यंत न्यायची, यावर दोन्ही तट राजी झाले.

3 मे, शनिवार

कपाट उघडलं. परवापासून सुट्टीचं वातावरण आहे, त्यामुळे गर्दी बरी. सगळ्यात आधी गेलं ते उनो, आणि मला आधीपासून वाटत होतं तसंच: ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 1971 मध्ये ओहायोतल्या मर्ल रॉबिन्स नावाच्या केशकर्तनकाराने घरातल्या खेळासाठी ते काढलं, आता जगभर पोचलंय. सात वर्षांपुढे उत्तम. त्याखाली 'चार उचला'चं पान काढून ठेवा असं आम्ही सांगतो. दोनावर दोन, चारावर चार चढवत जाऊन शेवटी दहा-बारा पानं एकाच्या गळ्यात घालायची रीत घरोघरी आहे. ती कंपनीच्या नियमात बसत नाही, हे ऐकून दोन घरांत वाद झाले म्हणे.

लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्याची मागणी मात्र अनपेक्षित होती. मूळ जेंगा लेस्ली स्कॉटने 1983 मध्ये बाजारात आणला: 54 ठोकळे, तीन-तीनचे अठरा मजले. आमचा साधा, पण आकडा तोच. याची खरी गंमत अशी की चार वर्षांच्या मुलीची बोटं बारीक असतात आणि मोठ्यांच्या हातांपेक्षा हलकी चालतात. इथे कुणी कुणाला सवलत देत नाही. बाबांनी मनोरा पाडला तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद कुठल्याही मुद्दाम हरण्याने मिळाला नसता. अडचण फक्त आवाजाची. वाचनकक्षातून तक्रार आली. आता खाली जाड सतरंजी असल्याशिवाय मनोरा इथे खेळायचा नाही, घरी न्यायचा.

11 मे, रविवार

डॉबलवर बराच वेळ गेला आणि तो वाया गेला नाही.

गोल पानं, प्रत्येकावर आठ चित्रं. कुठलीही दोन पानं घ्या, त्यांच्यात नेमकं एकच चित्र सारखं. ते आधी ओरडून सांगणाऱ्याला पान. खेळ भन्नाट आहे, पण आठ वर्षांचं थोरलं आणि चार वर्षांचं धाकटं समोरासमोर आले की धाकटं एकही पान मिळवत नाही. नजर तितकी भरभर फिरत नाही, आणि चित्राचं नाव आठवेपर्यंत थोरल्याने पान उचललेलं असतं.

सातवीतली एक मुलगी मदतीला येते, तिने विचारलं, हे जुळतं कसं? मग आम्ही बसलो. आठ चित्रांच्या रचनेत 57 चित्रं आणि 57 पानं शक्य असतात. विकत मिळणाऱ्या संचात 55 पानं आहेत. हाच हिशेब लहान करता येतो: प्रत्येक पानावर चारच चित्रं ठेवली तर 13 चित्रं आणि 13 पानं. कृती अशी. चित्रांना 1 ते 13 क्रमांक द्या. पहिल्या पानावर 1, 2, 4 आणि 10 क्रमांकाची चित्रं काढा. पुढच्या पानासाठी प्रत्येक आकड्यात एक मिळवा: 2, 3, 5, 11. मग 3, 4, 6, 12. तेराच्या पुढे गेलं की पुन्हा एक. तेरा पानं झाली की थांबा. कुठलीही दोन पानं शेजारी ठेवा, एकच चित्र जुळतं. मुलीने सगळ्या जोड्या तपासल्या, वहीची दोन पानं भरली.

मग चित्रं कुठली, यावर बालविभागात मतदान. निवडून आलेली तेरा: एसटी, वडापाव, छत्री, मांजर, आकाशकंदील, ढोल, पतंग, फणस, चप्पल, चष्मा, रिक्षा, अजिंक्यतारा आणि कंदी पेढा. शेवटची दोन साताऱ्यात निवडून येणारच होती. पुठ्ठ्याच्या गोलांवर मुलांनीच काढली. फणस आणि ढोल लांबून सारखे दिसतात, त्यामुळे त्यावरून खेळात वाद होतात, पण तेही चालवून घेतलं.

चारच चित्रं असल्यामुळे धाकट्यांना शोधायला जमतं. शिवाय चित्रं त्यांनी स्वतः काढलेली, म्हणून ओळख पटकन पटते. थोरल्यासाठी जड नियम: त्याने चित्राचं नाव सांगून त्याच अक्षराने सुरू होणारा दुसरा शब्द सांगायचा, मगच पान. आता सामना बरोबरीचा.

26 मे, सोमवार

मॉन्सून आज मुंबई-पुण्याला पोचल्याची बातमी. इतक्या लवकर! इथे त्याआधीपासूनच झोडपतोय. मैदानं चिखलाची, त्यामुळे कपाट जवळजवळ रिकामं.

पावसामुळे आमच्या तपासणीचा प्रश्न आला. परत आलेला खेळ पूर्ण आहे का, हे प्रत्येक वेळी मोजत बसायला माणूस नाही. म्हणून प्रत्येक खोक्याच्या झाकणाला आत सामानाची यादी, आणि काट्यावर केलेलं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं. एक पत्ता दीड-दोन ग्रॅमचा, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या काट्यावरही एक पान कमी असलं तर कळतं. सुरुवातीला हे छान चाललं. आता कागदी कॅट पाहिले तर सगळ्यांचं वजन दोन-तीन ग्रॅमने वाढलेलं: कागदाने दमट हवा पिली. म्हणजे एखादं पान हरवलं असलं तरी वजन बरोबरच दिसेल. प्लॅस्टिकच्या कॅटना काही फरक नाही. कागदी पत्ते पावसाळाभर हाताने मोजायचे, आणि यापुढे खरेदी फक्त प्लॅस्टिकची.

पुठ्ठ्याचे पटही मऊ पडलेत. त्यांना पारदर्शक चिकटपट्टीने कडा मारून घेतल्या.

7 जून, शनिवार

जोड्या लावायच्या चित्रांच्या पानांबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. राव्हेन्सबर्गरने 1959 मध्ये 'मेमरी' नावाने हा खेळ आणला, पण साध्या पत्त्यांवरही तो होतो. सगळी 52 पानं पसरली तर लहान मूल हरवून जातं. आठ जोड्या, म्हणजे सोळा पानं, चार बाय चार मांडली की पुरे. पानं ओळीत मांडणं महत्त्वाचं, विस्कटलेल्या ढिगात जागा लक्षात राहत नाही. या खेळात सहा वर्षांची मुलं मोठ्यांना खरंच हरवतात, आणि मोठे चिडतात. माझ्या समोर एका आजोबांनी तीन वेळा चष्मा पुसला.

पालकांनी नोंदवहीत लिहिलेले अभिप्राय वाचले. वीस मिनिटांच्या आत संपणारा खेळ पुन्हा खेळला जातो, लांबणारा एकदाच. मध्येच कुणी बाद होत असेल तर तो उठून टीव्ही लावतो. आणि एका आईने लिहिलंय की वानराच्या खेळात सासूबाई पहिल्यांदाच खाली बसल्या आणि वानर पुढे सरकलं की "हाड्!" म्हणून ओरडल्या.

जर्मनीत दरवर्षी मुलांच्या सर्वोत्तम खेळाला निळ्या सोंगटीचं पारितोषिक देतात, 2001 पासून ते स्वतंत्रपणे दिलं जातं. पुढच्या खरेदीसाठी त्या याद्या चाळल्या. 2021 चा 'ड्रॅगोमिनो' आपल्या वयोगटाला शोभेल असं वाटतं: डॉमिनोसारख्या जोडफरशा लावत ड्रॅगनची अंडी शोधायची, वाचायचं काही नाही. भाव बघून ठरवू. देणगीतले थोडे पैसे शिल्लक आहेत.

15 जून, रविवार

उद्या शाळा सुरू. आज सगळे खोके परत आले, वानराचा एक सोडून. तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी फोन करून आठवडा वाढवून घेतला.

हिशेब: एक पेरू, बदामाची नव्वी आणि मनोऱ्याचा एक ठोकळा हरवला. पेरू सावंतवाडीहून मागवायचा आहे. नव्वीच्या जागी जोकरवर मार्करने लिहून चालवू. ठोकळा सुतारकाका देतील.

दिवाळीच्या सुट्टीसाठी अष्टा-चंग हवाच. पंचवीस घरांचा पट, चार कवड्या, फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित. लुडोपेक्षा आटोपशीर आणि कवड्या उधळायची मजा वेगळी. पट कापडावर रंगवायचा, म्हणजे गुंडाळून पिशवीत मावेल आणि पावसाने मऊ पडणार नाही. कापड मॅडम आणणार आहेत, फुल्या आखायचं काम सातवीतल्या मुलीने, म्हणजे उद्यापासून आठवीतल्या, मागून घेतलंय. कवड्या आणि चिंचोके यांच्यावर मतदान बाकी आहे. कुठलेही आले तरी तीन वर्षांच्या आतलं बाळ घरात असेल तर डब्यात बंद ठेवायचे, हे झाकणावर लाल अक्षरात.